जुनाट वेदना आणि मनाचें शिक्षण



आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असें एखादें माणूस असतें कीं, ज्याची कंबर, गुडघे, मान अथवा डोकें वर्षानुवर्षें दुखत असतें. औषधें होतात, लेप होतात, क्ष-किरणांचीं छायाचित्रें काढून होतात. तथापि दुखणें हटत नाहीं. शेवटीं घरांतीलच कोणी कंटाळून म्हणतो, "हे सारे मनाचे खेळ आहेत." हा शब्द दुखणाइताच्या जिव्हारीं लागतो, व तो आपलें दुखणें बोलून दाखविण्याचेंच सोडून देतो. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे. म्हणून वेदना म्हणजे काय, तिच्यांत मनाचा वाटा कोणता, आणि दुखणें समूळ गेलें नाहीं तरी त्यासह नीट जगावयास शिकतां येतें काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

वेदनेचें कार्य

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, वेदना ही शरीराचा पहारेकरी आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९४६ सालीं रुजू झालेले शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा बारकाईनें अभ्यास केला. बोटें झिजतात त्याचें मोठें कारण म्हणजे ज्ञानतंतूंची बधिरता, असें त्यांस आढळून आलें. तापलेलें भांडें हातीं धरलें किंवा पायांत खिळा रुतला, तरी रोग्यास कळत नाहीं. जखमेवर जखम होत जाते व अवयव निकामी होतो. यावरून वेदना ही केवढी देणगी आहे हें दिसून येईल.

परंतु चोर निघून गेल्यावरही पहारेकरी रात्रंदिवस ओरडत राहिला, तर घरच्यांस झोंप कशी लागावी? मोडलेलें हाड सांधलें कीं दुखणें थांबावें, हा सामान्य नियम. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस चिरकालीन वेदना म्हणतात. संधिवातासारख्या रोगांत चोर घरांतच दडून असतो, हें खरें. पण कित्येकांच्या बाबतींत मूळ इजा भरून येते, आणि तरीही ज्ञानतंतु व मेंदू इतके हळवे झालेले असतात कीं, साध्या हालचालीसही ते संकट समजतात. अशा वेळीं जितकें दुखतें तितकें शरीर बिघडत असतेंच, असें नाहीं.

मनाचा वाटा

फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याच्या मरणोत्तर, १६६४ सालीं, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत अशी कल्पना आहे कीं, दोरीचें एक टोंक ओढलें असतां दुसऱ्या टोंकाची घंटा वाजावी, तशी पायास विस्तवाचा चटका बसतांच मेंदूंत वेदना उमटते. ही कल्पना पुढें फार काळ मान्य होती. तीप्रमाणें पाहतां, जितकी इजा मोठी तितकी वेदना मोठी असावयास हवी. पण अनुभव निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन वैद्य हेन्री बीचर यांनीं रणांगणावरील जखमी सैनिकांची पाहणी केली, व ती १९४६ सालीं प्रसिद्ध केली. भारी जखमा झालेल्या त्या शिपायांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शानेंच तीव्र वेदना होत असल्याचें सांगितलें. जखम म्हणजे रणांगणांतून सुटका, हा अर्थ त्यांच्या मनांत असल्यानें वेदना सौम्य झाली असावी, असें बीचर यांस वाटलें.

याच्या उलट एक उदाहरण १९९५ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत आलें. एका बांधकाम कामगारानें खालीं उडी मारली, तों सुमारें सहा इंच लांबीचा खिळा त्याच्या बुटांतून आरपार गेला. वेदना इतकी असह्य कीं, त्यास गुंगीचीं औषधें द्यावीं लागलीं. बूट काढून पाहतात तों खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायास इजाच नाहीं! त्याची वेदना खोटी नव्हती. मोठें संकट ओढवलें आहे असें मेंदूनें ठरविलें, म्हणून ती झाली.

रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं याची उपपत्ति मांडली. मज्जारज्जूंत जणूं एक दार आहे. शरीराकडून येणारे निरोप तेथें कमीअधिक प्रमाणांत पुढें सोडले जातात, आणि तें दार उघडण्यांत वा लोटण्यांत मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचाही हात असतो. तपशिलांत पुढें दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य विचार टिकला. भीति, चिंता, एकटेपणा व जागरण यांनीं वेदना वाढते. विसांवा, आवडतें काम व स्नेह्यांची संगत यांनीं ती उतरते.

शिकण्याजोगे उपाय

पहिला उपाय समजून घेण्याचा. "दुखतें म्हणजे आंत कांहीं तुटत आहे" ही भीति योग्य तपासणीनंतर दूर झाली, तर हालचाल करण्याचा धीर येतो.

दुसरा उपाय बेताबेतानें काम करण्याचा. ज्या दिवशीं बरें वाटतें त्या दिवशीं गृहिणी सारें घर झाडून पुसून काढते, व पुढचे तीन दिवस अंथरुणास खिळते. हें चक्र मोडावयास हवें. वीस मिनिटें उभें राहून पोळ्या लाटल्यावर कंबर भरून येत असेल, तर पंधराव्या मिनिटासच बसावें. आणि दर आठवड्यास मिनिट-दोन मिनिटें वाढवावीं. काम कधीं थांबवावयाचें हें वेदनेनें ठरवूं नये, घड्याळानें ठरवावें. विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें या पद्धतीचा पाया घातला. त्याचा ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला.

तिसरा उपाय विचारांची पारख करण्याचा. मन चिंती तें वैरी न चिंती. "आतां मी कायमचा लुळा होणार" असा विचार आला, तर तो कागदावर लिहावा व त्याखालीं त्यास आधार काय आहे तें लिहावें. लिहिलेली भीति पुष्कळदां आटोपशीर दिसते.

चौथा उपाय शरीर सैल सोडण्याचा. दिवसांतून दोन वेळां दहा मिनिटें स्वस्थ बसून श्वास सावकाश सोडावा, व खांदे, जबडा आणि मुठी ढिल्या कराव्या.

या उपायांची मर्यादाही सांगितली पाहिजे. अशा मानसिक उपचारांच्या ७५ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विचार व वर्तन सुधारण्याच्या पद्धतीनें वेदना, अडचण व मनस्ताप हीं थोडींशीच कमी होतात, असें दिसून आलें. हा लाभ अल्प आहे, पण खरा आहे. त्यावर समजून उमजून विसंबावें. तसेंच, नवें व तीव्र दुखणें, ताप, अकारण वजन घटणें, हातापायांतील शक्ति जाणें, मलमूत्रावरील ताबा सुटणें, अशीं लक्षणें दिसल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. चालूं असलेलें औषध आपल्याच मनानें बंद करूं नये.

घरच्यांचें कर्तव्य

पालकांस विनंति ही कीं, मूल डोकें अथवा पोट दुखतें म्हणून वारंवार शाळा चुकवूं लागल्यास त्यास लबाड ठरवूं नये, आणि सर्व कामांतून मोकळेंही करूं नये. आधीं तपासून घ्यावें. मग शाळेंत, घरांत अथवा परीक्षेपायीं त्याच्या मनास कशाचा घोर लागला आहे, हें शांतपणें विचारावें.

आणि मुलांनो, घरांतील आजीबाई कण्हतात तेव्हांच तुम्ही त्यांच्याजवळ जात असाल, तर त्या हंसत असतील तेव्हांही जाऊन बसा. "आज किती दुखतें?" एवढेंच न विचारतां "आज काय काय केलें?" असें विचारा. त्यांचें काम हिरावून घेऊं नका. जड घागर तुम्ही उचला, भाजी त्यांना निवडूं द्या. आणि त्या दुखतें म्हणाल्या, तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा.