हिवाळ्यापूर्वी भेट

शास्त्रभाग : तीमथ्याला दुसरे पत्र ४:९-२२, प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१

लखनौच्या अमीनाबाद बाजारातील एका खोलीत १८ एप्रिल १८७० रोजी इझाबेला थोबर्न यांनी सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली. पुढे तिच्यातूनच इझाबेला थोबर्न कॉलेज उभे राहिले. आपणांस जे मिळते ते देण्यासाठी मिळते, असा त्याच्या ब्रीदवाक्याचा आशय आहे. त्या सहाजणींपासून आजवर तेथे किती वर्गमैत्रिणी एकत्र बसल्या आणि पांगल्या! साठीच्या उंबरठ्यावर त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच आपणांपुढेही आहे : वर्गातील त्या जुन्या सोबत्यांशी आपले नाते आता कोणते?

निवृत्तीच्या दिवशी शाल व श्रीफळ मिळते, भाषणे होतात. दुसऱ्या दिवसापासून हुद्दा राहत नाही, दूरध्वनी थंडावतो. अशा वेळी हुद्द्यापूर्वीपासून आपणांस ओळखणारी माणसे आठवू लागतात. वसतिगृहातील पातळ वरण आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचा कंदील त्यांनाच ठाऊक असतो. आज मोबाइलवर वर्गाचा गट तयार करणे सोपे झाले आहे. परंतु रोज सकाळी फुलांचे चित्र पाठविले म्हणजे संबंध राहिला काय? पवित्र शास्त्र आपणांस याहून खोल नेते.

वृद्ध पौल रोममध्ये बंदिवान असून आपला शेवट जवळ आल्याचे तो जाणतो. या पत्राच्या अखेरीस तो सोबत्यांची नावे घेतो. देमास सोडून गेला आहे. लूक तेवढा जवळ आहे. त्रोवस येथे राहिलेला झगा, पुस्तके व चर्मपत्रे तो मागवितो. वृद्धापकाळी थंडी वाजते आणि वाचनाची भूकही राहते, हे सांगण्यास त्याला संकोच वाटत नाही. आणि तो मार्कालाही घेऊन येण्यास सांगतो. हा तोच मार्क, जो पंफुल्यात त्यांना सोडून गेला होता. ज्याच्यावरून पौल व बर्णबा यांचा तीव्र मतभेद होऊन दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. तोच आता सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौल लिहितो. आलेक्सांद्र तांबटाने केलेली हानी मात्र तो झाकून ठेवीत नाही. त्याच्यापासून जपून राहण्यास सांगतो आणि न्याय प्रभूवर सोपवितो. प्रत्येक तुटलेले नाते पूर्ववत होईलच असे नाही. पण मनातील कटुता आपण देवाच्या हाती देऊ शकतो.

पौल तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्रावरील जलप्रवास जवळजवळ बंद पडत असे. तीमथ्य उशीर करता, तर वसंत ऋतूपर्यंत वाट उघडली नसती. आणि पौल तोवर असेल याची शाश्वती नव्हती.

लखनौच्या या कॉलेजाने असे हिवाळे पाहिले आहेत. तेथे शिकलेल्या अतिया हुसेन १९४७ साली इंग्लंडला गेल्या व तेथेच राहिल्या. कुर्रतुलऐन हैदर याही तेथीलच विद्यार्थिनी. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि पुढे भारतात परतल्या. त्यांच्या ‘आग का दरिया’ या १९५९ च्या कादंबरीत फाळणीमुळे पांगलेल्या लखनौच्या तरुण मित्रमैत्रिणींची कथा आहे. ज्यांच्यामध्ये सरहद्द उभी राहिली, त्यांना भेटीसाठी परवाना लागला. आपल्यापैकी अनेकांच्या मध्ये केवळ एक जुना अबोला उभा आहे.

याच कॉलेजच्या एक भारतीय प्राचार्या सारा चाको. जागतिक मंडळी परिषदेच्या अध्यक्षमंडळावर १९५१ साली निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. जानेवारी १९५४ मध्ये लखनौ येथे बास्केटबॉल खेळत असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. निवृत्तीनंतर सवड मिळाली की भेटू, असे आपण म्हणतो. ती सवड प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही.

मग आपण काय करावे? विल्सन, हिस्लॉप, अहमदनगर अशा ज्या कॉलेजात आपण शिकलो असू, तेथील वर्गाची यादी प्रार्थनेच्या वेळी पुढे ठेवावी. जे स्नेहसंमेलनास कधीच येत नाहीत, त्यांची नावे प्रथम घ्यावी. कोणाला वर्गणी परवडत नाही, कोणाचा जोडीदार निवर्तला आहे, कोणाला मुलांच्या अपयशाची लाज वाटते. अशांना गटातील निरोप पुरत नाही; त्यांच्या दारी जावे लागते. भेटल्यावर हुद्दा, घर व परदेशी मुले यांची तुलना टाळावी. आणि ज्याच्याशी आपले बिनसले, त्याला आपणच पहिले पत्र लिहावे. तरुणपणी मिळालेली मैत्री हे देणे आहे. ते फेडण्याचा ऋतू अजून संपलेला नाही.

मननासाठी प्रश्न
१. माझ्या जीवनातील ‘मार्क’ कोण? त्याला बोलावण्यास मला काय अडविते?
२. वर्गातील कोणाला आज ‘झगा’ हवा आहे आणि कोणाला ‘पुस्तके’?
३. या हिवाळ्यापूर्वी मी कोणाच्या दारी जाईन?