कळलावी : फूल नसताना ओळखावी कशी?

श्रावणात कळलावी कोणासही ओळखता येते. झुडपांतून डोके वर काढणारी तिची फुले ज्वाळेसारखी दिसतात, म्हणून संस्कृतात तिला अग्निशिखा असे नाव आहे. परंतु वाचकहो, फूल पावसाळ्यापुरतेच असते, आणि विषारी कंद बारा महिने जमिनीत असतो. सबब जो तिला केवळ फुलावरून ओळखतो, त्याची ओळख अपुरी होय. या वेलीच्या वर्षभराच्या खुणा आपण क्रमाने पाहू.

आषाढात कंदातून हिरवा कोंब निघतो. या वेळी पान पाहावे. पानास देठ नसतो, व त्याचे टोक लांब होऊन तणाव्यासारखे वळते. त्या टोकाने वेल शेजारच्या झुडपास धरून चढते. रताळ्याच्या पानास असे टोक नसते.

श्रावण-भाद्रपदात फूल येते. त्याच्या सहा पाकळ्या कडेस नागमोडी असून मागे वर वळलेल्या असतात. फूल प्रथम हिरवट, मग खाली पिवळे व वर लाल, आणि शेवटी सर्व लाल होते. एकाच वेलीवर हे तिन्ही रंग दिसले, तर ती निराळी फुले समजू नयेत.

पुढे लांबट हिरवी फळे धरतात. ती वाळून उकलली म्हणजे आत शेंदरी-लाल बिया दिसतात. मुलांस त्या मोह घालतात, म्हणून या दिवसांत विशेष जपावे.

हिवाळ्यात वेल वाळून नाहीशी होते, आणि खरा धोका तेव्हाच असतो. खणताना कंद हाती लागतो, व पाहणारास तो रताळे किंवा रानकंद वाटतो. तो बहुधा काटकोनात दुभंगलेला, नांगरासारखा असतो. लांगली हे तिचे दुसरे संस्कृत नाव यावरूनच पडले.

हिच्या सर्वांगात कोल्चिसीन नावाचे विष आहे, व ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर काही तासांनी ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, आणि माणूस दगावू शकतो. घरगुती उपायांत वेळ न घालविता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, व कंदाचा तुकडा सोबत घ्यावा.

ही वेल घरात आणली असता भांडण लागते, अशी समजूत कित्येक ठिकाणी आहे. तीत तथ्य नाही. परंतु बाळंतिणीस कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरण्याची जी जुनी चाल आहे, ती मात्र खरोखर प्राणघातक आहे. ती सर्वथा टाकावी.

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आली. तथापि एखादा बांध किंवा मुळा-मुठेच्या काठची झुडपे राहिली असतील, तेथे श्रावणात शोध करावा. सिंहगडाच्या उतारावरही ही वेल आढळते. आपल्या बांधावर सापडल्यास ती उपटू नये. जवळ दगड रोवून जागा ठरवून ठेवावी, आणि घरच्या मुलांस ती दाखवावी. श्रावणात रोवलेला दगड पौषात खणणाराचे रक्षण करील.