धावदोरा

मुलांनो, तुमच्या घरात एखादी जुनी गोधडी असेलच. उर्दूत आपण तिला गुदडी म्हणतो. मराठीत गोधडी आणि वाकळ असे दोन्ही शब्द आहेत. आपल्याकडचे वऱ्हाडी बोलणारे लोक मात्र वाकळीला ‘वाकय’ म्हणतात, कारण वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. आज घरी गेल्यावर ती गोधडी उलगडा आणि तिच्यावरचा टाका नीट पाहा. सुई वरून खाली जाते, थोडे अंतर सोडून खालून वर येते आणि पुन्हा खाली जाते. या टाक्याला मराठीत ‘धावदोरा’ म्हणतात. धावणारा दोरा! शिवणकामातला हा सर्वांत सोपा टाका. लहान मुलगीसुद्धा तो एका दुपारी शिकते.

आपल्या बाळापूरचे कापडाशी जुने नाते आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधोमध उभा असलेला किल्ला सर्वांना ठाऊक असतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुगडी, पागोटी आणि सतरंज्या विणणारे गाव अशीही बाळापूरची ओळख होती. विणलेले कापड महाग, म्हणून ते जुने झाले तरी फेकत नसत. लुगड्याचे, धोतराचे, ओढणीचे चांगले राहिलेले भाग कापायचे, ते एकावर एक अंथरायचे, कडा दुमडायच्या आणि धावदोऱ्याने सगळे थर एकमेकांना जोडून टाकायचे. झाली गोधडी. टाके जितके जवळजवळ, तितकी ती टिकाऊ. थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पातळ दिसणारी गोधडीही थंडीत पुरते.

हेच काम, याच टाक्याने, जपानमधल्या खेड्यांतील बायका करत होत्या. तिकडे या कलेला ‘सशिको’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ बारीक बारीक टोचे. जपानचा उत्तर भाग फार थंड आहे. हिवाळ्यात तेथे घरे बर्फात बुडून जातात आणि कापूस तर तेथे पिकतच नाही. गरीब शेतकरी हेम्प नावाच्या झाडाच्या सालीपासून काढलेल्या धाग्याचे कापड घालत. आपल्या अंबाडीच्या तंतूसारखे समजा. ते कापड विरळ असते, त्यातून वारा आत येतो. बरे, बाहेरून आलेला कापूस वापरावा, तर त्सुगारू नावाच्या मुलखात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला राज्यकर्त्यांची मनाई होती. सुती कापड घालायचे नाही, पण सुती दोरा मिळाला तर तो वापरता येई. मग तिथल्या बायकांनी काय केले? निळ्या कापडाच्या विणीतले धागे मोजून मोजून त्यांनी पांढऱ्या सुती दोऱ्याने टाके घातले आणि विरळ कापडाची सगळी छिद्रे भरून काढली. वारा थांबला, कापड जाड झाले, आणि धागे मोजून घातल्यामुळे त्यावर सुंदर नक्षीही उमटली. या कामाला ‘कोगिन’ म्हणतात.

ही नक्षी आधी शोभेसाठी नव्हती. थंडीपासून बचाव करता करता ती जन्माला आली. पण बायकांनी प्रत्येक नमुन्याला नाव दिले. एकाचे नाव मांजरीचा डोळा, एकाचे माशाचे खवले, एकाचे नुसता दाणा. सशिकोतला एक नमुना हेम्पच्या पानाचा आहे. ते झाड सरळ आणि भराभर वाढते, म्हणून बाळाच्या कपड्यांवर तो नमुना घालत. बाळही तसेच वाढावे, ही आईची इच्छा.

जुन्या टोकियो शहरात आग विझवणारे लोकही असाच शिवलेला अंगरखा घालत. कापडाचे अनेक थर, त्यावर दाट टाके. आगीत शिरण्यापूर्वी तो पाण्याने चिंब भिजवत. जाड शिवणीमुळे पाणी पुष्कळ वेळ टिकून राही. काही अंगरख्यांच्या आतल्या बाजूला मोठी रंगीत चित्रे असत. आग विझली की अंगरखा उलटा करून ती चित्रे मिरवत घरी जात!

आता रंगाविषयी. जपानमध्ये ‘शिबोरी’ नावाची रंगाईची पद्धत आहे. शिबोरी हा शब्द पिळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. कापड पिळून, दुमडून, दोऱ्याने करकचून बांधून किंवा शिवून रंगात बुडवतात. बांधलेल्या जागी रंग पोहोचत नाही, तेथे पांढरी नक्षी राहते. आता नागोया शहराचाच भाग असलेले आरिमात्सु हे गाव सतराव्या शतकापासून या कामासाठी प्रसिद्ध आहे. तुम्ही म्हणाल, ही तर आपली बांधणी! बरोबर. बांधणी हा शब्दही बांधणे या क्रियापदावरूनच आला. अजिंठ्याच्या लेण्यांतील काही चित्रांत माणसांच्या वस्त्रांवर ठिपके आणि पट्टे दिसतात. ते बांधून रंगवलेले कापड असावे, असे अभ्यासक मानतात. ही चित्रे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत.

शिबोरी आणि सशिको दोन्हींचा आवडता रंग एकच, निळा. तो निळीच्या पानांपासून मिळतो. उर्दूतला ‘नील’ आणि मराठीतली ‘नीळ’ हा एकच शब्द आहे. तो अरबीत ‘अन्-नील’ झाला, पोर्तुगिजांनी त्याचे ‘अनिल’ केले, आणि तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले ‘अॅनिलिन’ त्यातूनच निघाले. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगरेज तिचा रांजण आंबवतो, तेव्हा ती विरघळते आणि पाणी हिरवट-पिवळे दिसते. कापड बाहेर काढले तेही आधी हिरवट असते. मग हवेतला ऑक्सिजन लागला, की डोळ्यांदेखत ते निळे होत जाते. मराठीत रंगरेजाला रंगारी म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, आजही रंगार गल्ली आहे. लाल रंगासाठी वऱ्हाडात ‘आल’ नावाच्या झाडाची मुळे वापरत. पण १८६९ पासून कारखान्यातला लाल रंग आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात येऊ लागली. स्वस्त रंगापुढे आलीचे आणि निळीचे मळे टिकले नाहीत.

जपानच्या त्या थंड मुलखातही थोड्याफार फरकाने असेच घडले, आणि त्यात आपल्या देशाच्या कापसाचा हात आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा यांनी एका जपानी जहाज कंपनीबरोबर मुंबई ते जपान अशी बोटसेवा सुरू केली. हिंदुस्थानातला कापूस त्या बोटींतून जपानच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. वऱ्हाडातला कापूस तर रेल्वेने मुंबईच्या बाजारात जातच होता. दोन वर्षे आधी, १८९१ मध्ये, टोकियोहून निघालेली रेल्वे उत्तरेला आओमोरीपर्यंत पोहोचली होती. सुती कापडावरची मनाई केव्हाच संपली होती. स्वस्त, उबदार सुती कापड खेड्यांत आले आणि धागे मोजत बसण्याची गरज उरली नाही. बायकांचे कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. पण मांजरीचा डोळा घालणारे हात कमी होत गेले.

पुढे यानागी सोएत्सु नावाच्या विचारवंताने सामान्य माणसांच्या हातच्या वस्तूंचे मोल ओळखले. ज्या वस्तूंवर कारागिराचे नाव नसते, त्या त्याने गोळा केल्या आणि १९३६ साली टोकियोत त्यांचे संग्रहालय उघडले. कोगिनचे जुने कपडेही लोकांनी जपून ठेवले, नमुने कागदावर उतरवून घेतले, नावे लिहून ठेवली. म्हणून ती कला आज पुन्हा शिकता येते. ठिगळावर ठिगळ लावलेल्या जुन्या कपड्यांना तिकडे ‘बोरो’ म्हणतात, म्हणजे लक्तरे. एके काळी ते घालणाऱ्याला लाज वाटे. आता हौशी लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. पैसे मिळाल्यावरच आदर वाटावा, हे मला तितकेसे पटत नाही. पण निदान ते कपडे चुलीत तरी गेले नाहीत.

आपल्याकडे पाहुणे आले, की गोधडी पेटीमागे लपवतात आणि विकतचे ब्लँकेट काढतात. तेव्हा हे काम करा. घरातली गोधडी अंगणात पसरा. आजीला, नानीला किंवा शेजारच्या खालाजानला जवळ बसवा. कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा आहे, ते विचारा. टाक्यांच्या रांगा सरळ आहेत की चौकोनात फिरल्या आहेत, ते पाहून वहीत त्यांचे चित्र काढा. त्या नमुन्याला त्या काय म्हणतात, तो शब्द त्यांच्या तोंडी जसा असेल तसाच लिहा. तो उर्दू असो, मराठी असो की वऱ्हाडी. मग पट्टी ठेवून एका इंचात किती टाके बसले आहेत, ते मोजा.