खिल्लार बैलाची पारख

मालाची पारख हा व्यापाराचा पहिला सबक आहे. नुसता रंग पाहून घेतलेले कापड पहिल्या धुण्यातच पस्तावायला लावते. बैलाचेही तसेच आहे.

खिल्लार ही मुख्यतः माणदेशाची जात. सांगोला, आटपाडी, म्हसवड हा तिचा मुलूख. शेजारच्या विजापूर-बेळगाव भागातही ती आढळते. पाऊस थोडा, चारा बेताचा आणि वाट लांबची, अशा मुलुखात जे जनावर टिकले त्यातून ही जात घडली. तिच्या खुणा अशा :

१) रंग पांढरा किंवा करडा. कातडी पातळ, अंगाला घट्ट बसलेली, केस आखूड. उन्हात तग धरतो.

२) बांधा लांबट व गोल, पोट सुटलेले नाही, पाय सडपातळ व सरळ. म्हणून चाल झपाट्याची.

३) तोंड निमुळते. शिंगे लांब, टोकदार, मागे जाऊन वर वळलेली.

४) खूर काळे व टणक, खडकाळ रानात टिकणारे.

गाय दूध बेताचेच देते. तो ऐब नव्हे. ही जात दुधासाठी नाही, कामासाठी आहे.

बाजारात आधी दात पाहावेत : आदत, दुसा, चौसा की जुळलेला, यावरून वय कळते. मग बैल चालवून पाहावा. खुराला भेग आणि खांद्याला सूज किंवा जखम नाही ना, हे हात लावून तपासावे. झूल उतरवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. झुलीचे कापड आम्हीच विकतो. तिच्याखाली काय काय झाकते ते ठाऊक आहे.

पक्क्या सडकेवर टणक खूरही झिजतो. खूर दुभंगलेला असल्याने नाल दोन तुकड्यांत बसते. खिळा बाहेरच्या कठीण भागातच जावा, आत गेला तर बैल लंगडतो. ट्रॅक्टर आल्यापासून नालबंदांची रोजी आटली आहे; जे उरले त्यांचा हात हीच त्यांची पुंजी.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणून खरेदी शेतीकामासाठीच करावी व बाजाराची पावती जपून ठेवावी.

सूरह नहलमध्ये ओझी वाहणाऱ्या जनावरांचा उल्लेख अल्लाहची नेमत म्हणून आला आहे. अशा जनावराच्या सौद्यात दगा केल्यास बरकत कुठून येणार? बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. रुमालाखाली भाव खुशाल लपवावा. ऐब लपवू नये.