घाट उतरण्याआधी

बाळांनो, मृगापासून खोडाळ्यात राहिलात, आश्रमशाळेतल्या मुलांना शिकवलंत, आवणीच्या चिखलात उतरलात. आता कॅराव्हॅन काढायची म्हणता, तर अवश्य काढा. इतके पावसाळे इथे काढल्यावर मला जे उमगलंय, तेवढं मात्र ऐकून जा.

वाघबारशीच्या आधी निघू नका. त्या दिवशी वाघोबाला नैवेद्य असतो आणि ज्यांचा निरोप घ्यायचाय ती माणसं गावात असतात. दिवाळी सरली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. कुणी भिवंडीला, कुणी वाड्याला, कुणी वसईला. बऱ्याच जणांनी मजुरीची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे निघायचा दिवस त्यांच्या हातात नसतो.

गाडीकडे मात्र आठवडाभर आधी बघा. या डोंगरात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तुमची गाडी त्यात उभी होती. आधी बॉनेट उघडा, कारण उंदीर वायरी कुरतडतात. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर लायनर चिकटलेले असतात. जोर करू नका, मोखाड्याहून मेकॅनिक बोलवा. पुढच्या वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. टायरची हवा बघताना बाजूच्या भेगाही बघा. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसला तर नळीच बदला, पट्टी गुंडाळून वेळ मारू नका. गाद्या काढून कडक उन्हात टाका आणि सगळी दारं दिवसभर सताड उघडी ठेवा. आत मुरलेली ओल अंगदुखी होऊन बाहेर पडते. विमा आणि पीयूसी पावसाळ्यात संपले असतील, तेही तपासा. पलंग-ओटा मागाहून बसवला असेल तर आरटीओच्या कागदावर त्याची नोंद हवी.

टाकी गावच्या विहिरीवर भरू नका. हे मी कळवळून सांगते. याच तालुक्यात कोचाळ्याला मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं, 2014 साली ते पुरं झालं. तिथलं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. दिवाळीला विहीर भरलेली दिसते, पण ते पाणी त्यांना पुढे पुरवायचं असतं. प्यायला एक कॅन घ्या, भांडी-अंघोळीचं पाणी खाली उतरल्यावर भरा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही शिकवलेली काही मुलं वसतिगृहात राहतील, काही आईबापांबरोबर भट्टीवर जातील. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळालंय का, ते मुख्याध्यापकांकडे बसून पाहा. त्यात मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे लिहिलेलं असतं. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या. तुम्ही मुलांची वाचनाची वही ठेवली असेल तीही गुरुजींकडे सोपवा, गाडीत घालून नेऊ नका. आणि रजेचं नक्की नसेल तर ‘पुढच्या पावसाळ्यात येतो’ म्हणू नका. मुलं मृगाच्या पहिल्या पावसापासून रस्त्याकडे बघत बसतात.

विहीगावावरून कसाऱ्याला उतरलात तर हायवे लवकर लागतो. तरी मी म्हणेन, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा असं भिवंडीकडे जा. तुमची मुलं त्याच वाटेने गेलेली असतात, आणि मुक्कामाला जागा शोधत फिरावं लागणार नाही अशी गाडी तुमच्याकडे आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा. ब्रेकचा जळका वास आला तर थांबा, निवू द्या, तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका. रात्री चालवू नका. त्या दिवसांत माणसं, भांडी, कोंबड्या भरलेल्या पिकअप अंधारात वळणावर समोर येतात.

भट्टीवर गेलात की आधी मालकाला विचारा, मगच झोपड्यांकडे जा. फोटो काढू नका. उचलीचा विषय मालकासमोर तर मुळीच नको, त्याचा त्रास तुम्ही गेल्यावर त्या घराला होतो. जवळची जिल्हा परिषदेची शाळा शोधा, आईला बरोबर घ्या आणि पत्रक गुरुजींना दाखवा. गेल्या गेल्या निघायची घाई नको, एक मुक्काम तिथेच करा. पहिल्या दिवशी मूल शाळेत जायला घाबरतं, दुसऱ्या सकाळी तुम्ही सोबत चाललात तर जातं. खाऊ नेलात तर भट्टीवरच्या सगळ्या पोरांना पुरेल एवढा न्या.