चांगला अध्यक्ष वर्षभरातच का बदलायचा?

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे, एका खासगी कंपनीत नोकरी करते. नुकतीच आमच्या गावातल्या जेसीआयची (ज्युनिअर चेंबर इंटरनॅशनल या तरुणांच्या संघटनेची) सभासद झाले. यंदाचे अध्यक्ष उत्तम काम करताहेत, तरी डिसेंबर संपला की ते पायउतार होणार म्हणे. घडी बसलेली असताना माणूस का बदलायचा?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कारण ते पद शिकण्यासाठी आहे, आणि शिकायची पाळी सगळ्यांना मिळायला हवी. हेन्री गीसेनबायर या तरुणाने १९१५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये ३२ जणांना घेऊन ही चळवळ सुरू केली, ती शहराच्या कारभारात तरुणांनी हात घालावा म्हणून. भारतात ती १९४९मध्ये आली. सभासदत्व १८ ते ४० वयापर्यंतच. वयाची अट आणि वर्षाची मुदत यांमुळे खुर्च्या सतत रिकाम्या होतात आणि तिशीच्या आतल्या माणसालाही लवकर जबाबदारी मिळते. कंपनीत पाच-सहा माणसं हाताखाली यायला कितीतरी वर्षं जातात.

शिवाय इथलं नेतृत्व कठीण आहे. ऑफिसातल्या साहेबाच्या हाती पगारवाढ असते. तुमच्या हाती काय? रक्तदान शिबिर ठरलंय, रक्तपेढीला पत्र गेलंय, सभागृह मिळालंय आणि रक्तदात्यांची यादी करतो म्हणालेला सभासद आदल्या रात्री फोन उचलत नाही. त्याला मेमो देता येत नाही. तो दुकान सांभाळून, स्वतःच्या पदरचं पेट्रोल जाळून येणारा माणूस. कुणावर काय सोपवावं, कुणाला फोनऐवजी घरी जाऊन सांगावं, उणीव एकट्यात कशी सांगावी आणि कौतुक चारचौघांत कसं करावं, हे अशा वेळीच कळतं. ‘नाही’ म्हणायला मोकळ्या असलेल्या माणसांकडून काम करून घेता येणं, हेच मला खरं नेतृत्व वाटतं. नुसती व्हिजिटिंग कार्डं वाटून ते येत नाही.

तोटाही आहेच. नवा अध्यक्ष स्वतःचे उपक्रम काढतो आणि जुने अर्धवट राहतात. मावळते अध्यक्ष कार्यकारिणीत राहतात ते यासाठीच, पण त्यांना विचारणारं कुणी हवं.

तुम्ही अध्यक्षपदाची वाट पाहू नका. आधी एखाद्या छोट्या उपक्रमाच्या प्रकल्पप्रमुख व्हा, अंदाजपत्रकापासून अहवालापर्यंत सगळं स्वतः करा. मग सचिवपद मागा. सभेचं इतिवृत्त लिहिताना कोण बोलतं आणि कोण करतं, हे नीट दिसतं. पुढच्या वर्षाची कार्यकारिणी जानेवारीआधीच ठरते, तेव्हा आताच्या अध्यक्षांच्या कानावर तुमची ही इच्छा घालायला फार उशीर करू नका.