कॅम्प हा शब्द



सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांसाठी विशेष प्रार्थना करते. हा दिवस १९१४ पासून पाळला जातो. सप्टेंबरात तो २०१९ साली आला. विषय दूरदेशीचा वाटतो खरा, पण रिक्षात बसताना 'कॅम्प नंबर चार' असे आपण रोज सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या, आणि १९४७ साली फाळणी झाली. सिंधी कुटुंबे कराची बंदरातून बोटीने मुंबईला उतरली व पुढे येथे आणली गेली. सुमारे एक लाख माणसे पाच कॅम्पांत राहिली. एकेका बराकीत कितीतरी संसार आणि मध्ये भिंतीऐवजी टांगलेले गोणपाट! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी वसाहतीची कोनशिला बसवली, आणि उल्हास नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. कॅम्प मात्र तोंडातून गेला नाही.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथेही अशीच छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक कॅथलिक, त्यांत स्त्रिया व मुले अधिक. सोव्हिएत सरकारने त्यांना सैबेरियात नेले होते. सुटका झाल्यावर ते इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्चही होते. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचे गांधीनगर. एकाच छपराखाली आधी रोझरी म्हटली गेली, मग झुलेलालची आरती.

१९५२ साली पोप बाराव्या पायस यांनी 'एक्सुल फामिलिया' या पत्रात मिसर देशात पळालेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले. संत मत्तय हेरोदाचे नाव देतो, पण मिसरात त्यांना खोली कोणी दिली हे सांगत नाही. कोणीतरी दिली असणारच.

ॲरिस्टॉटल 'नाते' हा एक स्वतंत्र पदार्थ मानतो. 'परका' हा शब्द त्यातच बसतो. माणूस आपल्या जागी परका नसतो. समोरचा त्याला तसा पाहतो तेव्हाच होतो. आपल्या धर्मग्रामात कोणी वसईचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे, कोणी मराठवाड्यातले. तरी बदलापूर-अंबरनाथला खोली भाड्याने देताना आपल्यापैकी काहीजण आधी 'कुठले तुम्ही?' विचारतात, आणि उत्तर ऐकून खोली अचानक 'गेलेली' असते. हे आम्हांला मिस्सानंतर पुष्कळदा ऐकावे लागते.

या आठवड्यात कुटुंब-प्रार्थनेत मत्तय २:१३-२३ वाचावे. नंतर घरातील ज्येष्ठांनी मुलांना सांगावे, आपण येथे कोणत्या साली आलो, बरोबर काय आणले होते आणि पहिली खोली आपल्याला कोणी दिली.